आण्णांची दुसरी कंपनी

पलूसला माझी बदली झाली आणि ज्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहिले, त्या घरमालकांना सगळं दोन-दोन लागायचं. दूधवाले दोन. वाणी दोन. पेपर टाकणारे दोन. न्हावीसुद्धा दोन. एका महिन्यात ह्याच्याकडं, पुढच्या महिन्यात त्याच्याकडं. आणि ह्याच्या खुर्चीत बसलं की त्याचं कौतुक सुरू करायचं, "त्येचा हात लय हलका बाबा, कानापाशी तर कळतसुदिक न्हाई." हातात वस्तरा असलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार त्यांनी कधी केला नसावा. त्यांच्या उजव्या कानामागं एक जुनी खूण होती. ती कशाची, हे मी विचारलं नाही, पण माझा अंदाज आहे.

सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं, म्हणून मीही आण्णाच म्हणायला लागले. खाली रस्त्याच्या अंगाला त्यांची पिठाची गिरणी, मागं घर आणि वर माडीवर मी. मी मूळची रहिमतपूरची, झेडपीच्या शाळेत मास्तरीण. नवरा मिलिटरीत, तिकडं जम्मूकडं. तोंडानं मी फटकळ आहे, हे माझी सासूही सांगेल. सांगतेच.

दोन्ही दूधवाले एकाच वेळी दारात यावेत, अशी आण्णांनी व्यवस्था केली होती. मी म्हटलं, "आण्णा, एक सकाळी, एक संध्याकाळी येऊ दे की."

"छ्या! एकमेकांचं त्वांड दिसल्याबिगार दुधातलं पाणी कमी हुत न्हाई, बाई."

मग दोन दुधं दोन पातेल्यांत तापायची, दोन साया निघायच्या, दोन विरजणं लागायची. ती सगळी भांडी घासायला मात्र आक्का एकट्याच होत्या. आक्का म्हणजे आण्णांची बायको. अंगानं काटकुळ्या, बोलणं कमी, आणि नवऱ्याच्या सगळ्या तत्त्वांचं ओझं त्यांच्या डोक्यावर. आण्णा ओसरीवर बसून स्पर्धेचे फायदे सांगायचे तेव्हा आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा यायचा.

मी राहायला आले त्या दिवशी आण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हे. "बाई, मोबाईल कंच्या कंपनीचा?"

मी सांगितलं.

"किती वर्सं?"

"पहिल्यापासून तोच आहे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता हे आक्कांना हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवणार. "मग तुमचं कोन ऐकणार वं?" एवढंच म्हणाले.

ते स्वतः दर काही महिन्यांनी कंपनी बदलायचे. नंबर तोच, कंपनी नवी. आधीच्या कंपनीबद्दल त्यांची काही तक्रार असायची अशातला भाग नाही. सगळी मजा पुढं होती. अर्ज गेला की जुन्या कंपनीतून एखाद्या मुलीचा फोन यायचा. त्या वेळी आण्णा स्पीकर लावून ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि गिरणीत आलेल्या बायकांना हातानं गप्प बसायची खूण करायचे.

"सर, आप हमारी कंपनी क्यों छोड़ रहे हैं?"

"मॅडम, वैसा कुछ नहीं. जरा बदल."

"सर, कोई शिकायत है?"

"शिकायत नहीं. लेकिन तुम लोग पैले जैसा फोन नहीं करते."

"सर, हम आपको स्पेशल प्लॅन देंगे. प्लीज मत जाइए."

त्या 'प्लीज'ला आण्णा डोळे मिटायचे. फोन ठेवल्यावर आतल्या बाजूला तोंड करून ओरडायचे, "आगं, ऐकलंस का? प्लीज म्हणाली!"

एकदा मी विचारलं, "मग राहिलात का त्यांच्याकडं?"

"खुळ्या का काय बाई तुमी? एवढ्यावर ऱ्हायलो तर पुढच्या बारीला कोन विनवंल?"

तेव्हा मी पोट धरून हसले होते. मग एकदा पावसात शाळा लवकर सुटली, गिरणीत कोणी नव्हतं, आणि आण्णांनी आपणहून सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ मुंबईला कापडाच्या गिरणीत कामाला. वडिलांना फार वाटायचं की घरात टेलिफोन असावा, पोराचा आवाज ऐकावा. त्या काळी टेलिफोन सरकारचाच. अर्ज केला. आण्णा सायकल हाणत हापिसात जायचे आणि तिथला साहेब मान वर न करता म्हणायचा, नंबर आला की कळवू. एकदा आण्णांनी विचारलं, "कवा येईल?" तर साहेब म्हणाला, "घाई असंल तर दुसरीकडनं घे." दुसरीकडं म्हणजे कुठं? दुसरीकडं काही नव्हतंच. साऱ्या हापिसातली माणसं हसली.

"फोन आला तवा वडलांच्या फोटूला हार हुता," आण्णा म्हणाले. "लाइनमन विचारतोय, कुटं बसवू? म्या म्हटलं, फोटूखाली बसव."

तो काळा फोन अजून तिथंच होता. मुका. आक्कांनी त्यावर विणलेला रुमाल घातलेला. 

तर असं सगळं दोन-दोन असलेल्या ह्या माणसाच्या घरात एक गोष्ट मात्र एकच होती. लाईट. विजेला दुसरं दुकान नाही, हे शल्य आण्णांना जेवू देत नसे. ते जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, दिव्याशिवाय जेवण उरकायचं, म्हणून ते म्हणायचे, "एवढ्या एका बाबतीत म्या कंपनीला हारवलीय."

बाहेर वाघ असलेले आण्णा वायरमन आला की मांजर व्हायचे. "या या, वायरमनसायेब." पंखा त्याच्याकडं वळवायचा, चहा बशीसकट द्यायचा, त्याचं दळण रांग मोडून आधी. तो वायरमन बिचारा साधा माणूस. एवढ्या गावांचे खांब त्याच्या एकट्याच्या नावावर, फोन सारखा कानाला. मी आण्णांना म्हटलं, "काय हो हे, सायेब-बियेब?" तर म्हणाले, "एकच हाय न्हवं? एकटा असला की त्येला देव म्हणावंच लागतं."

एकदा व्होल्टेजची तक्रार घेऊन ते विजेच्या हापिसात गेले आणि लालबुंद होऊन परत आले. तिथल्या साहेबानं ऐकवलं होतं, "आण्णा, वीज ही सेवा आहे, धंदा नव्हे. सेवेत थोडं सोसायचं असतं." ते वाक्य आण्णा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. "सोसायचं म्हणं! सोसायचं आमी आन् सेवा त्येंची!"

मग एकदा गावात हूल उठली, की आता विजेतही दुसरी कंपनी येणार, मोबाईलसारखी निवडून घेता येणार. मंगल कार्यालयात एक टाय लावलेला मुलगा माहिती सांगायला आला. आण्णा इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत. मला ओढून नेलं साक्षीला. मुलानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, ग्राहक हा राजा वगैरे झालं. मग आण्णा उठले.

"दुसऱ्या कंपनीची तार कुटनं येणार?"

"काका, तार आहे तीच राहील."

"खांब?"

"खांबही तेच."

"डीपी?"

"तीही तीच."

"मग फ्यूज उडला तर खांबावर कोन चढणार?"

मुलगा जरा घुटमळला. "सध्याची जी यंत्रणा आहे, तीच."

"म्हंजे आमचाच वायरमन?"

"हो."

"मग दुसरं काय हाय त्यात?"

"बिल, काका. बिलावरचं नाव."

मागच्या रांगेत वायरमन बसला होता, फुकटचा वडा खात. तो तिथनंच म्हणाला, "आण्णा, मला सोडून कुटं जाताय?" सगळं कार्यालय हसलं. आण्णा टोपी सावरत दाराकडं वळले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ह्या माणसाची एवढी दया येते तर त्याच्यावर हसता कशाला? थांबा जरा. त्यांच्या गिरणीबद्दल मी अजून बोललेच नाही.

आमच्या त्या अख्ख्या भागात पिठाची गिरणी एकच, आण्णांची. तिथं कायदा आण्णांचा. सकाळी बाजरी, दुपारी ज्वारी, आणि गहू आण्णांची लहर लागेल तेव्हा. गिरणीला थ्री फेज लाईट लागते आणि ती दिवसातून ठरावीक वेळच यायची, त्यामुळं लाईट आली की आण्णा सिंहासनावर. पण जेवणाची वेळ झाली की डबा अर्धा दळून झालेला असला तरी खटका बंद. राहिलेलं उद्या. पीठ जाड आलं म्हणावं तर उत्तर, "पीठ बराबर हाय, तुमची चाळण मोठी हाय." बायका चिडायच्या, पण आण्णांना बोलायची कोणाची टाप नव्हती. मग सगळा राग निघायचा आक्कांवर. आक्का गिरणीत झाडायच्या, डबे ओळीत लावायच्या आणि नवऱ्याच्या वाटणीचं ऐकून घ्यायच्या.

माझा गव्हाचा डबा तिथं रविवारपासून पडून. बुधवारी दळण मिळालं ते बाजरीवर दळलेलं. पोळ्या झाल्या काळपट. मी तणतणत खाली गेले.

"आण्णा, ह्या काय पोळ्या आहेत?"

"भाकरी समजून खावा की."

"दुसरी गिरणी असती ना इथं, तर तुमची ही मिजास एका दिवसात उतरली असती!"

"दुसरी कशाला? गिरणी म्हंजे सेवा हाय, बाई, धंदा न्हवं. सेवेत थोडं सोसायचं असतंय."

मी म्हटलं, "आण्णा, हेच वाक्य तो साहेब बोलला तेव्हा तुम्ही आठ दिवस धुमसत होता."

"त्यात आन् ह्यात फरक हाय."

"कसला?"

"ते हापिस माझं न्हाई."

बोलून गेले आणि स्वतःच मिशीत हसले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आक्का तिथंच डबे पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण त्या दिवाळीला भाऊबीजेला जयसिंगपूरहून त्यांचा भाऊ आला आणि ओवाळून झाल्यावर म्हणाला, "आक्का, यंदा भारीतली साडी घेऊ या." तर आक्का म्हणाल्या, "साडी नगं. घरघंटी दे." घरघंटी म्हणजे ती कपाटाएवढी घरगुती चक्की. साधी सिंगल फेजची लाईट तिला पुरते. भाऊ हसला, आण्णाही हसले. म्हणाले, "घ्या की. गिरणीवाल्याच्या बायकूला घरघंटी. हौसेला मोल न्हाई."

ती मागच्या खोलीत बसली. पहिल्यांदा शेजारची एक बाई मागच्या परडातनं आली बाळासाठी नाचणी घेऊन. मग दुसरी आली. मग उपासाची भाजणी, मग बारीक पोळीचं पीठ. पुढच्या गिरणीत डबे कमी व्हायला लागले आणि आण्णा म्हणायचे, "लोकं जेवायची कमी झाली वाटतं." आणि बायका त्यांच्यासमोरूनच, डबा पदराखाली घेऊन, "आण्णा, बरं हाय न्हवं?" म्हणत बोळातनं मागं जायच्या. शेवटी एक दिवस थ्री फेज गेलेली असताना, गिरणी ठार बंद असताना, आण्णांना मागनं घरघर ऐकू आली. ते आत गेले. मी जिन्यातनं सगळं ऐकलं, बघितलं. मुद्दाम उभी राहिले, खोटं कशाला बोलू?

"कुणाला इचारून?"

"तुमीच म्हणताय न्हवं, एकच दुकान असलं की गिऱ्हाइकाचं हाल."

"आगं, पण ते भायेरच्यांसाठी म्हणतोय मी!"

"मग मी कुटं आतली ऱ्हायले? इतकी वर्सं बायकांच्या शिव्या मी खाल्ल्या, तुमी न्हाई. आता मला बी कुणीतरी 'आक्का, लय झ्याक दळलं' म्हणतंय. ते मी सोडणार न्हाई."

इतक्या ठाम आवाजात आक्का बोललेल्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि त्याच वेळी आण्णांचं पडलेलं तोंडही दिसलं. वडिलांनी घालून दिलेली गिरणी, आयुष्यभराचा रुबाब, तो आता त्यांच्याच स्वयंपाकघरातून जायला निघाला होता. गिरणी गेली असती तर त्या ओसरीवर बसून भाषणं देणारा एक म्हातारा तेवढा उरला असता, आणि हे त्यांना कळत होतं.

मग लढाई झाली. दुपारी मागं घरघर सुरू झाली की आण्णा घराचा मेन स्विच खाली पाडायला लागले. पण एक दिवस ऐन मॅचमध्ये पाडला आणि शेवटच्या षटकात त्यांचाच टीव्ही गेला. खिडकीतनं शेजाऱ्याला "काय झालं रं? काय झालं?" विचारत बसले. त्यानं सांगितलं, "जिंकली, आण्णा. लय भारी शॉट मारला, बघाय पायजे हुतं." त्यानंतर स्विच पाडणं बंद झालं.

मग ते थेट वीज हापिसात गेले, बायकोची तक्रार द्यायला. घरगुती मीटरवर धंदा चालवते म्हणून. तिथला कारकून म्हणाला, "आण्णा, मीटर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग दंड कुणाला बसंल?"

ते परत आले, चहा घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी आक्कांच्या नावानं धंद्याचं वेगळं मीटर मागितलं. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला स्वतः लाईट जोडून देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. वायरमन मीटर बसवायला आला तेव्हा त्याला पुढनं एक चहा मिळाला, मागनं एक.

आणि काय सांगू, त्यानंतर आण्णांची गिरणी सुधारली! जातं साफ व्हायला लागलं. गव्हाला वेगळी वेळ लागली. "या, बसा, पाणी घ्या," असे शब्द त्या तोंडातनं येताना ऐकून बायका एकमेकींकडं बघायच्या. मी निम्मं दळण पुढं टाकायचे, निम्मं मागं, आणि दोन्हीकडचं पीठ रेशमासारखं यायचं. मी डबा घेऊन बोळात वळले की आण्णा विचारायचे, "बाई, आज आमचं काय चुकलं?" त्या विचारण्यात 'प्लीज'च तेवढं नव्हतं. संध्याकाळी मात्र दोघं शेजारी बसून जेवायची, ताटात एकमेकांना वाढायची आणि धंद्याचा चकार शब्द काढायची नाहीत.

पुढं उन्हाळ्यात घात झाला. कुरडया, शेवया, पापडांचा हंगाम, बायकांची झुंबड, आणि एका दुपारी तीनातला एक फेज गेला. आण्णा बोलण्यात गुंग, खटका बंद करायचं ध्यानात आलं नाही. मोटर दोन फेजवर घुमत राहिली आणि जळाली. धूर रस्त्यापर्यंत आला. ज्या माणसाकडं न्हावी दोन होते, त्याच्याकडं मोटर एकच होती. ती वायंडिंगला, म्हणजे आतली तार नव्यानं भरायला, सांगलीला गेली. तिथला कारागीर म्हणाला, हंगाम आहे, दुकानात मोटरींचा ढीग पडलाय, वेळ लागेल. आण्णा शटर पाडून ओसरीवर बसले. त्यांनी मोबाईलची कंपनीसुद्धा बदलली नाही.

सगळे डबे आक्कांकडं. ती एवढीशी चक्की सकाळपासून तापायची. परडात रांग, उन्हात बायका. पहिले दोन दिवस आक्का हसतमुख होत्या. मग वरपर्यंत आवाज यायला लागला. "एकदा सांगितलं न्हवं, आज न्हाई व्हायचं?" "डबा हितं न्हाई, तिकडं ठिवायचा!" माझं तांदळाचं पीठ आलं त्यात मिरचीचा ठसका. मी म्हटलं, "आक्का, हे काय?" तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चालतंय की, बाई. घावन तिखट लागतील." मी थक्क. तोंडावर आलेलं बोलणं मी गिळलं, कारण पीठ आणणार कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथंच उभी होते. त्यांची शेजारीण, जिनं पहिल्यांदा नाचणी आणली होती ती, हळूच म्हणाली, "आक्का, माजं तेवढं..." आक्का कडाडल्या, "तुजं एकटीचं हाय का हितं?" शेजारीण दचकली. डबा उचलला आणि खालमानेनं म्हणाली, "चुकलं, आक्का. तुमी म्हणाल तवा आणते."

आक्का हातात चाळण घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एवढी वर्षं हा दबका आवाज बायका आण्णांपुढं काढायच्या. तो आता त्यांच्यापुढं निघाला होता. त्यांनी चक्की बंद केली, पाण्याचा तांब्या भरून शेजारणीला दिला, आणि त्या दिवशी सगळ्यांची दळणं पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडात रांग आणि चक्की बंद. आक्का सांगलीला गेल्या, एवढंच कळलं. दुपारी टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरशेजारी आक्का, मागं आण्णांची मोटर. कारागिराच्या दुकानात सकाळपासून त्याच्यासमोर पाटावर बसून होत्या म्हणे. त्यानं दुसरी सगळी कामं सोडून ह्यांची मोटर आधी भरली. आण्णा ओसरीवरून उठून आले. मोटरीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं.

"आगं, कशाला आणलीस? सगळा गाव तुज्या दारात हुता. आठ दिसांत माझी गिरणी कायमची मिटली असती."

"व्हय," आक्का म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. "आन् आठ दिसांत मी पार तुमच्यासारखी झाले असते. उचला, तिकडनं धरा."

परडातल्या बायका हसल्या, मीही हसले आणि हसता हसता माझे डोळे भरले. आण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि मोटरीची दुसरी बाजू धरली.